चिमणी तशीच ठेवून

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइडला तीस मजल्यांची एक निवासी इमारत आहे. हिवाळ्यात तिला ऊब देणारे गॅसचे बॉयलर तळघरात आहेत, तसे त्या शहरात हजारो तळघरांत असतात. वेगळेपण पुढे आहे. इथे बॉयलरमधून निघालेला गरम वायू सरळ चिमणीत जात नाही. आधी तो थंड करतात, त्यातली वाफ पाणी होऊन गळून पडते. मग त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढतात, दाबाखाली उणे २३ अंश सेल्सिअसच्या आसपास नेऊन त्याचा द्रव करतात आणि टाकीत भरतात. टाकी भरली की टँकर येतो, आणि तो द्रव ब्रुकलिनमधल्या काँक्रीटचे ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्यात जातो. बॉयलरच्या उत्सर्जनापैकी सुमारे ६० टक्के अशा रीतीने पकडला जातो, असं यंत्रणा बसवणारे सांगतात. २०२३ मध्ये ही बातमी बरीच फिरली.

तेव्हापासून या विषयावर जो वाद चालला आहे तो ऐकून मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आला आहे. एका गटाला असं यंत्र दिसलं की त्यामागे तेल-वायू कंपन्यांचा हात दिसतो. यंत्र काय करतं, किती करतं, हे विचारायच्या आधीच निकाल लागलेला असतो. दुसरा गट म्हणतो, जुन्या इमारती विजेवर नेणं व्यवहारात शक्यच नाही, तेव्हा बॉयलर राहू द्या आणि कार्बन तेवढा पकडा. पहिल्यांना रसायनशास्त्र नकोय, दुसऱ्यांना कॅलेंडर नकोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे यंत्र थोतांड नाही. ते जे करतं म्हणून सांगतात ते बऱ्याच अंशी करतं. पण ते चुकीच्या चिमणीला लावलं जातंय. मोठ्या इमारतींच्या हीटिंगवरचं उत्तर म्हणून त्याला कायद्यात कायमची जागा दिली, तर ज्या गॅसमधून बाहेर पडायचं ठरवलं होतं त्यालाच आणखी पंचवीस वर्षं बांधून घेतल्यासारखं होईल.

हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये आधी का उठला, त्याला कारण आहे. त्या शहराच्या एकूण उत्सर्जनात इमारतींचा वाटा सुमारे दोन तृतीयांश. २०१९ मध्ये शहराने ‘लोकल लॉ ९७’ केला: २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना उत्सर्जनाची मर्यादा, आणि मर्यादेच्या वरच्या प्रत्येक टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड. २०२४ पासूनचा पहिला टप्पा तसा सौम्य आहे. २०३० पासूनचा खरा चावणारा. अशा वेळी कोणी येऊन म्हणालं की बॉयलर हलवू नका, राहत्या लोकांना उठवू नका, भिंती फोडू नका, आम्ही तळघरात एक यंत्रणा बसवून देतो, तर कुठला मालक ऐकणार नाही? त्याच्या जागी मी असतो तर मीही चहा पाजून बसवून घेतलं असतं.

या मालकाची बाजू नीट मांडायला हवी, कारण विरोध करणारे ती सहसा मांडतच नाहीत. जुन्या मोठ्या इमारतींत हीटिंग म्हणजे वाफ. तळघरात पाणी उकळतं, वाफ उभ्या नळांतून वर चढते, प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये शिरते, थंड होऊन पाणी होते आणि परत खाली येते. हीट पंप, म्हणजे विजेवर चालून बाहेरची उष्णता आत आणणारं यंत्र, साधारण ५० ते ६० अंशांचं पाणी सहज देतो. या नळांना आणि रेडिएटरना हवी असते शंभर अंशांची वाफ. म्हणजे नुसतं यंत्र बदलून भागत नाही, अख्ख्या इमारतीचं रक्ताभिसरण बदलावं लागतं. विजेची जोडणी वाढवायची, उभ्या नळांच्या जागी नवे नळ, आणि हे सगळं आत माणसं राहत असताना. त्यात आणखी एक जखम आहे. २०११ मध्ये याच शहराने काळं, जाड इंधन तेल बंद करायचा नियम केला. तसं तेल जाळणाऱ्या सुमारे १०,००० इमारती होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी मालकांनी पदरचे पैसे घालून गॅस घेतला. तेव्हा गॅस म्हणजे ‘स्वच्छ इंधन’ होतं. बारा-पंधरा वर्षांत तोच गॅस गुन्हेगार ठरला. या माणसाने चिडू नये तर काय करावं?

रसायनाचा मुद्दाही त्यांच्या बाजूने आहे. मिथेन जळला की एका रेणूतून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आणि पाण्याचे दोन रेणू निघतात; बाकी जे असतं ते हवेबरोबर आत आलेलं नायट्रोजन. गॅस बॉयलरच्या निकास वायूत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आठ ते दहा टक्क्यांच्या घरात असतं. मोकळ्या हवेत ते जेमतेम ०.०४२ टक्के. म्हणजे दोनशेपट फरक. आइसलँडमध्ये मोकळ्या हवेतून कार्बन वेचणारं ‘मॅमथ’ नावाचं केंद्र २०२४ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं कौतुक झालं. मग हवेतून चिमटीने वेचणाऱ्याला शाबासकी आणि चिमणीतून ओंजळीने घेणाऱ्याला शिव्या, हा कुठला न्याय?

आता सगळ्यात अडचणीची कबुली, कारण ती आकड्यांची आहे. लोकल लॉ ९७ मध्ये गॅसचा जो गुणांक, म्हणजे ऊर्जेच्या एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड मोजायचा तो आकडा, धरला आहे त्याप्रमाणे एक किलोवॉट-तासाइतका (एक युनिट) गॅस जाळला की ०.१८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर खोलीत पोचलेल्या एका युनिट उष्णतेमागे ०.२१ किलो. त्यातला ६० टक्के पकडला, तर उरला ०.०८५. आता हीट पंप. २०२४ ते २०२९ साठी कायद्याने ग्रिडच्या, म्हणजे शहराला वीज पुरवणाऱ्या जाळ्याच्या, विजेला युनिटमागे ०.२८९ किलो धरलं आहे. हीट पंप एका युनिट विजेत हिवाळाभर सरासरी अडीच युनिट उष्णता देतो असं धरू. ०.२८९ भागिले अडीच म्हणजे ०.११६. तीन युनिट देतो म्हटलं तरी ०.०९६. म्हणजे आजच्या कागदावर कार्बन पकडणारा बॉयलर हीट पंपाच्या बरोबरीने, किंबहुना किंचित पुढेच आहे. पकडण्याच्या यंत्रणेत कॉम्प्रेसर आणि शीतकरणाला लागणारी वीज मी अजून मोजलेली नाही. ती मोजली की हा फरक बराचसा पुसला जातो. पण हीट पंपवाल्यांनी ‘आजच्या आज’ जिंकल्याचा जो थाट मांडलाय, तो या शहरात तरी खरा नाही. २०२१ मध्ये इंडियन पॉइंटचा अणुवीज प्रकल्प बंद झाल्यावर तिथली वीज जास्त गॅसवर गेली, हेही या आकड्यामागे आहेच.

इथपर्यंत येऊन थांबलं की यंत्र विकणाऱ्याचा विजय. पण बॉयलर काय एका वर्षासाठी बसवतात? याच कायद्याने २०३० ते २०३४ साठी विजेचा गुणांक ०.१४५ धरला आहे. तो अडीचने भागा: ०.०५८. बॉयलरची बाजू? तीच ०.०८५. पुढच्या दशकातही ०.०८५. ग्रिडवर एक पवनचक्की वाढली, एक सौर प्रकल्प लागला, की शहरातला प्रत्येक हीट पंप त्या दिवशी आपोआप स्वच्छ होतो. कोणाला तळघरात उतरावं लागत नाही. बॉयलरमधून निसटणारा ४० टक्के मात्र तसाच निसटत राहतो. कोणी म्हणेल, ०.१४५ हा सरकारी कागदावरचा आशावाद आहे. असेल. पण माझ्या हिशेबाला तेवढा आशावाद लागतच नाही. ग्रिड ०.२१ च्या खाली आली, म्हणजे आजच्या आकड्यावरून फक्त सव्वीस-सत्तावीस टक्के उतरली, की अडीचपट देणारा हीट पंप पुढे निघून जातो, आणि तेही पकडण्याच्या यंत्रणेला वीज फुकट आणि शून्य उत्सर्जनाची मिळते असं धरून. आज बसवलेली यंत्रणा वीस वर्षं तरी चालावी अशीच मालकाची अपेक्षा असणार. त्यातली किती वर्षं ती पुढे असेल?

शिवाय तळघरातली ही पेटी जळलेल्या गॅसचा हिशेब ठेवते, न जळता गळलेल्या गॅसचा नाही. विहिरीपासून बॉयलरपर्यंत येताना जो मिथेन नळांतून, झडपांतून, जोडांतून निसटतो तो वीस वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक तापवतो. चिमणीच्या तोंडाशी कितीही बारीक जाळी लावली तरी मागच्या दाराने गेलेलं तिच्यात सापडत नाही.

या यंत्रणेची एक अडचण चर्चेत फारशी येत नाही, पण बॉयलर चालवणाऱ्या कोणालाही ती पहिल्या झटक्यात दिसेल. बॉयलर दिवसभर एकसारखा जळत नाही. तो पेटतो, दाब आला की विझतो, पुन्हा पेटतो. फेब्रुवारीतल्या पहाटे तो धापा टाकत असतो, मे महिन्यात दिवसातून काही वेळ उगाच जागा होतो, आणि जुलैत फक्त नळाच्या गरम पाण्यापुरता उरतो. वायू वेगळा करणारी यंत्रणा याच्या अगदी उलट स्वभावाची: तिला एकसारखा प्रवाह, एकसारखं तापमान आणि रात्रंदिवस काम हवं. ती कडाक्याच्या थंडीला पुरेल एवढी मोठी घेतली तर वर्षातले बहुतेक महिने पैसे गंजत पडतात. लहान घेतली तर नेमक्या थंडीत, सर्वांत जास्त गॅस जळतो तेव्हाच, तिचं तोंड अपुरं पडतं. वीज प्रकल्पावर किंवा सिमेंटच्या भट्टीवर ही डोकेदुखी कमी, कारण ती बाराही महिने पेटलेली असते. इमारतीच्या बॉयलरला ही यंत्रणा म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आणि वजन. एक किलो मिथेन जळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन बसतो. गॅस येतो जमिनीखालच्या नळातून, कोणाच्या नजरेला न पडता. जाणार मात्र त्याच्यापेक्षा जड होऊन, आणि रस्त्याने. उदाहरणादाखल वर्षाला १,००० टन सोडणारी इमारत घेऊ. ६० टक्के म्हणजे ६०० टन. वीस टनांच्या टँकरने नेला तर वर्षाला तीस फेऱ्या. एका इमारतीला ठीक आहे, रखवालदार गेट उघडेल. पण शहरभरच्या तळघरांतून वर्षाला एक कोटी टन पकडायचं ठरवलं तर? पाच लाख फेऱ्या, म्हणजे रोज जवळजवळ १,४००, आणि सर्वांत जास्त नेमक्या बर्फाच्या दिवसांत. एका इमारतीतल्या यशावरून शहराचा निष्कर्ष काढणं ही शितावरून भाताची परीक्षा नव्हे, कारण इथे प्रत्येक शीत वेगळ्या पातेल्यात शिजतंय. नळ टाकून गोळा करायचा म्हटलं, तर ज्या रस्त्यांखाली आधीच जागा नाही तिथे दाबाखालचा आणखी एक नळ. सुरक्षिततेचा बाऊ मी करणार नाही. कॅमेरूनच्या न्योस सरोवरातून १९८६ मध्ये एका रात्रीत बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडने सतराशेहून अधिक माणसं गेली, आणि ते उदाहरण काही विरोधक तळघरातल्या टाकीला लावतात. हे हास्यास्पद आहे; प्रमाणाचा काही तरी मुलाहिजा हवा. पण हा वायू हवेच्या दीडपट जड असतो आणि गळला तर खालीच साचतो, तळघराच्या वर जात नाही, एवढं मात्र विसरून चालणार नाही.

पकडलेला कार्बन जातो कुठे, यावर सगळा डोलारा उभा आहे, आणि इथे मला एकोणिसाव्या शतकातलं लंडन आठवतं. तेव्हा घराच्या तळाशी मैल्याचे खड्डे असत; शहरभर सुमारे दोन लाख. रात्री माणसं येऊन ते उपसत आणि गाड्यांतून शहराबाहेरच्या शेतकऱ्यांना विकत. आपल्या भाषेत त्याला शब्दच आहे: सोनखत. घाणीला भाव होता तोवर व्यवस्था चालली. मग शहर पसरलं, शेतं लांब गेली, गाडीभाडं परवडेना. १८४० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून ग्वानो, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, स्वस्तात येऊ लागलं आणि सोनखताचा बाजारच बसला. खड्डे तुंबले. १८४८ नंतर ते बंद करून घरांचे नळ गटारांना जोडायला लावले. गटारं थेम्समध्ये उघडत होती. दहा वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटला बसवेना, तेव्हा कुठे इंजिनिअर बॅझलगेटच्या भुयारी गटारांना पैसे मिळाले.

आज तळघरातला द्रव कार्बन हे आधुनिक सोनखत आहे. एक इमारत, दहा इमारती यांचा माल काँक्रीटवाला आनंदाने घेईल. तिथे तो वायू सिमेंटमधल्या कॅल्शियमशी जुळून चुनखडी होतो आणि खरोखरच कायमचा अडकतो; हे तंत्र चांगलं आहे, त्यात खोट नाही. पण किती मुरतो? तयार काँक्रीटमध्ये मिसळताना हे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या एक टक्क्याच्याही आत राहतं. ब्लॉक त्याहून जास्त घेतात, पण शहराला लागतात तरी किती ब्लॉक? बाजार भरला की उरलेला माल कोण घेणार? शीतपेयांचे कारखाने घेतील, आणि बाटली उघडली की तो फसकन परत हवेत. तेलविहिरीवाले तर आवडीने घेतील, कारण जमिनीत कार्बन दाबून ते उरलेलं तेल वर काढतात. जगात आजवर पकडलेल्या कार्बनचा मोठा भाग याच कामी आला आहे. कार्बन ‘पकडला’ आणि कार्बन ‘गेला’ यांत फरक आहे. दंडमाफी मागताना पहिला शब्द वापरायचा आणि दुसऱ्याचा अर्थ समजू द्यायचा, हे या धंद्यात सर्रास चालतं.

माझ्या या तुलनेवर एक चांगला प्रतिवाद आहे आणि तो मी स्वतःच मांडतो, कारण मोटारींचा इतिहास विरुद्ध बाजूने बोलतो. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. तेव्हाही शुद्धतावाद्यांनी म्हटलं असेल, नळीच्या तोंडाला मलमपट्टी काय लावता, इंजिनच बदला. पण मलमपट्टीने काम केलं. शहरांची हवा सुधारली. मग बॉयलरच्या तोंडाला तसाच उपाय का नको? उत्तर त्या कन्व्हर्टरच्या पोटात आहे. तो विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतो आणि हवेत सोडून देतो. जागच्या जागी रूपांतर. उचलायला, साठवायला, वाहून न्यायला मागे काही उरत नाही. कार्बन डायऑक्साइडचं पुढे काय करणार? तो जळून संपलेला आहे, ती राख आहे. तिला आणखी जाळता येत नाही. उलट तोडायची म्हटलं तर जेवढी ऊर्जा जाळून मिळवली तिच्याहून जास्त खर्ची पडते. म्हणून ही राख फक्त हलवता येते, आणि राखेच्या वजनापुढे इंधनाचं वजन थोडं.

याचा अर्थ कार्बन कुठेच पकडू नये असा मी काढत नाही. सिमेंटची भट्टी पाहा. तिच्या उत्सर्जनातला सुमारे ६० टक्के भाग इंधनाचा नसतोच. चुनखडी भाजताना दगडातूनच तो सुटतो. भट्टी उद्या पूर्ण सौर विजेवर चालवली तरी तो सुटणारच. तिथे पकडण्यावाचून फारसा इलाज नाही. नॉर्वेत ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये अशी यंत्रणा सुरू झाली. क्षमता वर्षाला चार लाख टन, आणि तो वायू जहाजाने नेऊन समुद्रतळाखालच्या खडकात सोडायची सोय. आपल्या वरच्या हिशेबातल्या इमारती घेतल्या तर एवढ्यासाठी साडेसहाशेहून अधिक तळघरं लागतील; साडेसहाशे टाक्या, साडेसहाशे देखभालीचे करार, आणि त्यांचं खरं-खोटं तपासायला निरीक्षकांची फौज. एका भट्टीची राख खडकात जाते आणि दुसरीकडे तळघरातली राख सिमेंटच्याच ब्लॉकमध्ये थोडी थोडी परत घालायची, ते सिमेंट बनताना त्याच्या कितीतरी पट कार्बन सुटलेला असताना. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

हीटिंगमध्येही योग्य चिमणी आहे, फक्त ती एकेका इमारतीखाली नाही. स्टॉकहोममध्ये बहुतेक इमारतींना ऊब येते ती रस्त्याखालून, गरम पाण्याच्या शहरव्यापी नळांतून. तिथल्या लाकूडफाट्यावर चालणाऱ्या मोठ्या प्रकल्पावर वर्षाला आठ लाख टन कार्बन पकडायचा निर्णय २०२५ मध्ये झाला. एक चिमणी, हंगामभर चालणारी, बंदराला लागून. आणि तो कार्बन झाडांनी हवेतूनच घेतलेला असल्यामुळे तो जमिनीत गाडला की हवेतला साठा खरोखर घटतो. जंगलं किती तोडायची हा वाद त्यात आहेच आणि तो खोटा नाही. पण निदान चिमणी तरी बरोबर निवडली आहे.

मग त्या तीस मजल्यांचं काय? वाफेच्या जुन्या इमारतीत जानेवारीतल्या संध्याकाळी खालून वर नजर टाकली तर एक गंमत दिसते. बाहेर पाणी गोठलेलं आणि कितीतरी खिडक्या उघड्या. आत रेडिएटर फुसफुसतोय, त्याला बंद करायची चावी एक तर नाही किंवा रंगाच्या थरांखाली कायमची बसलेली. टोकाच्या खोलीला ऊब मिळावी म्हणून वाफ सोडलेली असते आणि मधल्या खोल्यांत माणसं बनियनवर बसलेली असतात. त्यांच्या हातात नियंत्रण एकच: खिडकी. त्या खिडकीतून जी उष्णता बाहेर जातेय तिच्यासाठी खाली गॅस जळतोय, आणि त्या गॅसचा कार्बन पकडायला आता आपण कॉम्प्रेसर लावणार? आधी रेडिएटरला तापमान पाहून आपोआप मिटणारी झडप लावा, नळांतून नीट हवा निघेल असं करा, वाफेचे गळके ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी पुढे सोडणाऱ्या झडपा, बदला, नळांवर वेष्टन घाला. यात बातमी होण्यासारखं काही नाही, उद्घाटनाला कोणी येत नाही. पण न जाळलेल्या गॅसला टँकर लागत नाही.

‘विजेवर नेणं अशक्य’ या वाक्याची आणखी एक उलटतपासणी याच शहरात चालू आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेने २०२२ मध्ये खिडकीत बसणाऱ्या ३०,००० हीट पंपांचा कार्यक्रम जाहीर केला, सात कोटी डॉलरचा. साध्या सॉकेटवर चालणारं, खिडकीच्या चौकटीवर खोगिरासारखं बसणारं यंत्र. उभे नळ फोडायचे नाहीत, इमारतीची मुख्य जोडणी वाढवायची नाही. क्वीन्समधल्या वुडसाइड हाउसेसमध्ये ती बसवून पाहिली गेली. सगळ्या इमारतींना हेच लागू पडेल असं मी म्हणत नाही. काचेच्या उंच मनोऱ्याला खिडकीच उघडत नाही. पण ‘अशक्य’ म्हणणाऱ्यांनी अशक्यतेचा पुरावा फक्त एकाच प्रकारच्या यंत्रावरून काढला होता, एवढं यातून दिसलं.

आणि कडाक्याच्या थंडीतल्या विजेच्या ताणाचा मुद्दा? तो खरा आहे, सगळ्यांनी एकदम हीट पंप लावले तर जानेवारीतल्या चार रात्री ग्रिडला घाम फुटेल. पण त्यावरचं उत्तर डोळ्यांसमोर आहे: जुना बॉयलर त्या चार रात्रींसाठी ठेवा. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातले बहुतेक तास शून्य अंशाच्या वरचे असतात; तेवढं काम हीट पंप आरामात करतो. उरलेले गोठवणारे तास बॉयलरने जाळले तरी वर्षाच्या हिशेबात गॅस फार मोठ्या प्रमाणात उतरतो. आणि वर्षातून काही दिवस पेटणाऱ्या बॉयलरला कार्बन पकडणारी यंत्रणा कोण लावेल? म्हणजे जो मुद्दा या यंत्रणेच्या समर्थनासाठी पुढे केला जातो, तोच नीट तडीस नेला की तिची गरज संपते.

लंडनमध्ये थेम्सच्याच काठावरची आणखी एक चिमणी मला या वादात फार बोलकी वाटते. बॅटर्सी वीज केंद्र १९३३ मध्ये सुरू झालं तेव्हा शहराच्या मध्यभागी एवढा कोळसा जाळायचा तर गंधक आवरायला हवं म्हणून तिथे निकास वायू नदीच्या पाण्याने धुवायची व्यवस्था केली. गंधक पकडलं गेलं. धुतलेलं पाणी गेलं नदीत; आणि धुऊन थंड झालेला धूर वर चढण्याऐवजी आसपासच खाली यायचा. त्याच केंद्राने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दुसरीही एक गोष्ट केली: वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या रूपाने नदीखालच्या भुयारातून पलीकडच्या पिमलिकोत, चर्चिल गार्डन्सच्या नव्या वसाहतीला दिली. १९८३ मध्ये केंद्र बंद पडलं. धूर धुणारी यंत्रणा त्या दिवशी भंगार झाली, कारण ती कोळशाच्या गळ्यात बांधलेली होती. पलीकडच्या घरांत गेलेले नळ मात्र राहिले. त्यांना दुसरे बॉयलर जोडले आणि ऊब चालू राहिली. तिथे उद्या नदीतली उष्णता घेणारे हीट पंप जोडायचे म्हटलं तरी नळ तयार आहेत. सार्वजनिक पैसा कुठे घालायचा, असं मला कोणी विचारलं तर मी या दोन खर्चांकडे बोट दाखवेन.

म्हणून कायदा करणाऱ्यांकडे माझं मागणं बंदीचं नाही. स्वतःच्या पैशाने कोणाला तळघरात प्रयोग करायचा असेल तर करू द्या. पण दंडातून सूट द्यायची ती टाकी भरली म्हणून नव्हे, कार्बन शेवटी कुठे कायमचा बसला हे दाखवल्यावर. कॉम्प्रेसरची वीज आणि टँकरचं डिझेल त्यातून वजा करून. शीतपेयाला आणि तेलविहिरीला गेलेला टन शून्य धरा. सुटीला शेवटची तारीख असू द्या, २०३५ म्हणा, म्हणजे नवा बॉयलर घेताना कोणी तिच्या भरवशावर बसणार नाही. आणि काही इमारती खरोखरच अडलेल्या आहेत: निर्जंतुकीकरणाला, धुलाईला बाराही महिने वाफ लागणारी मोठी रुग्णालयं, जिथे बॉयलर उन्हाळ्यातही विझत नाही. त्यांचा प्रवाह एकसारखा असतो, त्यांना आज दुसरा चांगला पर्याय नाही, आणि तिथे ही यंत्रणा बसली तर मी तक्रार करणार नाही. फक्त तिचा आकार ठरवण्याआधी कोणीतरी सगळे मजले फिरून उघड्या खिडक्या मोजून यावं.